फॉन्ट फुटलाय? थांबा, आधी कसा फुटलाय ते बघा

ऑगस्ट लागला की आमच्याकडं, म्हणजे अहवाल-पत्रिका कंपोझ करणाऱ्यांकडं, अहवालांचा सीझन चालू होतो. पतसंस्था, दूध संस्था, सेवा सोसायट्या, साखर कारखाने, सगळ्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, त्यामुळं बाहेर पावसाची झड आणि आत टेबलावर दहा संस्थांचे पेनड्राईव्ह अशी अवस्था. आणि दर दोन पेनड्राईव्हमागं एकात तरी फॉन्टचा इस्कोट असतोच. सेक्रेटरी शेजारी खुर्ची ओढून बसलेले, "गेल्या वर्षीचीच फाईल हाय, फक्त आकडे बदलायचे" म्हणतात, आणि फाईल उघडली की स्क्रीनवर नुसता झांजगुत्ता.

अशा वेळी नवीन पोरं काय करतात, फाईल उघडताना फॉन्ट नाही म्हणून जी खिडकी येते तिच्यात पटकन ओके मारतात आणि मग सेव्ह पण करतात. इथंच अर्धं काम बिघडतं. फॉन्ट फुटला की पहिल्यांदा हात कीबोर्डवरून काढायचा आणि बघायचं की तो फुटलाय कसा. इंग्रजी कचरा दिसतोय, चौकोन दिसतायत, वेलांट्या सुट्या पडल्यात, का सगळं नीट दिसतंय पण काहीतरी वेगळं वाटतंय? चारही आजार वेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

इंग्रजी कचरा म्हणजे मराठी मजकुराच्या जागी कॅपिटल एच, डॉलर, महिरपी कंस, टोपीवाली ओ असली अक्षरं. हे दिसलं तर घाबरू नका, उलट हा सगळ्यात सोपा प्रकार. मॅटर शाबूत आहे, फक्त कपडा नाही. श्रीलिपी, आयएसएम, आकृती, शिवाजी, कृतिदेव या सगळ्या जुन्या घराण्यात अक्षर मराठी दिसतं पण फाईलच्या आत इंग्रजीच साठवलेलं असतं, फॉन्ट त्या इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र दाखवतो एवढंच. फॉन्ट गेला की आतलं खरं रूप उघडं पडतं. त्यामुळं उपाय एकच, तोच फॉन्ट मिळवून टाकायचा. "तोच" म्हणजे त्याच कंपनीचा कुठलातरी नाही, कारण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या सिरीजची मांडणी वेगळी असू शकते, मग निम्मी अक्षरं बरोबर आणि जोडाक्षरं भलतीच, आणि हे पूर्ण कचऱ्यापेक्षा वाईट कारण पहिल्या नजरेत कळत नाही. कोरल किंवा इनडिझाईन (पानं लावायची सॉफ्टवेअर) फाईल उघडताना नसलेल्या फॉन्टचं नाव आणि नंबर दाखवतं, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि ज्यानं फाईल दिली त्याच्याकडून तेवढीच फॉन्टची फाईल मागवा.

यात एक पाचर आहे ती आकड्यांची. काही जुन्या फॉन्टमधे कीबोर्डवरचा साधा इंग्रजी १ दाबला की मराठी १ दिसतो. असा फॉन्ट गेला आणि त्याच्या जागी एरियल बसला की अक्षरांचा कचरा दिसतो पण आकडे छान इंग्रजी दिसतात, आणि ताळेबंदाच्या पानावर तर आकडेच आकडे. बघणाऱ्याला वाटतं पान बरोबर आहे. म्हणून तपासताना आकड्यांच्या पानावरनं निकाल लावू नका, अध्यक्षांच्या मनोगताचं पान उघडा, तिथं लगेच समजतं.

फॉन्ट टाकलाय तरी कोरलमधे दिसत नाही ही तक्रार तर आठवड्याला एकदा येतेच. विंडोज १० मधे २०१८ च्या अपडेटपासून नुसतं डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं की फॉन्ट फक्त त्या युजरपुरता पडतो, सी ड्राईव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरात जातच नाही, आणि जुन्या सॉफ्टवेअरला तो सापडत नाही. फॉन्टच्या फाईलवर राईट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स" घ्या, सॉफ्टवेअर बंद करून परत चालू करा. माझ्या अनुभवात दहातली सहा दुखणी इथंच मिटतात. आणि झिपच्या आतूनच फॉन्टवर क्लिक करत बसू नका राव, आधी बाहेर काढा.

आणखी एक, पेजमेकर, पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर. कोल्हापुरात अजून किती मशीनवर पेजमेकर चालू आहे ते सांगितलं तर बाहेरची माणसं हसतील. ७.० ही त्याची शेवटची मोठी आवृत्ती, २००१ सालची, आणि युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणारी नवी पद्धत, ती त्याला कळत नाही म्हणजे नाहीच. व्हॉट्सॲपवर आलेलं मॅटर त्यात थेट पेस्ट केलं की प्रश्नचिन्हांची रांग लागते. तिथं फॉन्ट बदलून काही उपयोग नाही, मॅटर आधी कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टच्या मांडणीत न्यायला लागतं.

आता कन्व्हर्टरचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त चुका इथं होतात आणि त्या प्रूफ वाचणाऱ्याच्या डोळ्यातनं निसटतात. जुन्या फॉन्टमधलं मॅटर युनिकोडमधे आणलं की पहिल्यांदा मरतो तो अर्धा र, आपला चंद्रकोरीसारखा. शेतकऱ्यांना चं "शेतकर्यांना" होतं, कर्मचाऱ्यांचे चं "कर्मचार्यांचे", कऱ्हाड चं "कर्हाड". घाईत वाचलं तर डोळा पुढं सरकतो. पण दऱ्या आणि दर्या हे दोन वेगळे शब्द आहेत, आचाऱ्यास आणि आचार्यास यात तर स्वयंपाकी आणि गुरुजी एवढा फरक. होतं काय, हा र टाईप करायच्या दोन पद्धती आहेत. एकात खाली टिंब असलेला ऱ वापरून पुढं हलन्त, आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्याच्या मागं डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. हे न दिसणारं चिन्ह कन्व्हर्टर, ईमेल किंवा एखादी वेबसाईट गिळून टाकते आणि र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो.

मी काय करतो, मॅटर कन्व्हर्ट झालं की वर्डमधे "र्य" शोधायला टाकतो आणि एकेक बघत जातो, मग "र्ह" शोधतो. एकदम रिप्लेस ऑल अजिबात मारायचं नाही, नाहीतर कार्यकारी संचालकांचे "काऱ्यकारी" संचालक होतात आणि सूर्याचा "सूऱ्य". कारखान्याच्या अहवालात "ऊस पुरवठा करणाऱ्या शेतकऱ्यांना" हे शब्द पानापानावर असतात, त्यामुळं करणार्या, शेतकर्या, कर्मचार्या, वार्या असे चार-पाच तुकडे वेगवेगळे रिप्लेस केले की ऐंशी पानांचं काम वीस मिनिटात होतं, उरलेले हातानं. बदलताना टिंबवाला ऱ वापरा, त्यात न दिसणारं काही नसल्यानं तो पुढच्या प्रवासात टिकतो.

दुसरा आजार चौकोन. अख्खा मजकूर नीट आणि मधेच एक रिकामा डबा. याचा अर्थ फॉन्ट आहे पण त्या अक्षराचं चित्र त्याच्यात नाही. ठरलेले गुन्हेगार दोन, ॲ आणि ₹. ॲ हे अक्षर युनिकोडमधे उशिरा आलं, म्हणून आधी बनलेल्या फॉन्टात ते सापडत नाही आणि संचालक मंडळाच्या यादीत प्रत्येक ॲड. च्या जागी डबा येतो, वकील लोकांची नावं म्हणजे फोन पण लगेच येतो. अ वर चंद्र देऊन भागवतात काहीजण, काही फॉन्टात ते नीट बसतं, काहीत चंद्र बाजूला घसरतो. माझं मत, एका अक्षरासाठी जुगाड करण्यापेक्षा फॉन्टच बदला. मुक्त, नोटो, हिंद असे फुकटात रीतसर मिळणारे चांगले फॉन्ट आता आहेत.

₹ चं मात्र मला महागात पडलंय ते सांगतो. २०१० साली रुपयाचं चिन्ह आलं, युनिकोडमधे त्याला जागा मिळायच्या आधीच एक फुकटचा फॉन्ट नेटवर फिरला, त्यात कीबोर्डवर १ च्या डावीकडचं जे बटण आहे, ते तिरकं टिचकीसारखं चिन्ह, त्याच्या जागी ₹ बसवलेला होता. आम्ही सगळ्यांनी तो धडाधड वापरला. पुढं काही वर्षांनी एका पतसंस्थेच्या जुन्या फाईलवरनं मी नवीन अहवाल केला, दरम्यान मशीन फॉरमॅट झालं होतं, तो फॉन्ट गेला होता आणि आपण घाईत ओके मारलं होतं. ताळेबंदात प्रत्येक रकमेच्या आधी एक बारीक तिरकी टिचकी. प्रूफ कोऱ्या कागदावर झेरॉक्स मशीनवरनं काढलेलं, मला वाटलं टोनरचा डाग असेल. प्लेटा निघाल्या, फर्मा (एकत्र छापायच्या पानांचा ताव) छापून झाला, आणि शाहूपुरीतनं कागदाचे गठ्ठे बाइंडिंगला निघायच्या टायमाला हिशेबनिसांनी चष्मा लावला. सोळा पानांचा फर्मा परत छापला, खर्च माझ्या डोक्यावर. तेव्हापासून जुनी फाईल आली की पहिल्यांदा ती टिचकी शोधतो आणि तिच्या जागी खरा ₹ टाकतो.

तिसरा प्रकार, वेलांट्या सुट्या. "कि" लिहिलंय आणि पहिली वेलांटी क च्या मागं जाऊन एका ठिपक्यांच्या गोलावर बसलीय, जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतायत. इथं फॉन्ट निर्दोष असतो, सॉफ्टवेअरला मराठी जोडता येत नसते. इनडिझाईनमधे पॅराग्राफ पॅनलच्या कोपऱ्यातल्या मेनूत "अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर" निवडा, सगळं मॅटर निवडून एकदम, आणि पॅराग्राफ स्टाईलमधेच टाकून ठेवा म्हणजे परत परत करायला नको. इलस्ट्रेटर आणि जुन्या फोटोशॉपला प्रेफरन्सेसमधे टाईपच्या पानावर दक्षिण आशियाई किंवा इंडिक भाषांचा पर्याय असतो तो चालू करा. कोरलमधे एक्स ६ पासून ओपनटाईपचं, म्हणजे अक्षरं नीट जोडणारं, नवीन इंजिन आलं, त्याच्या आधीच्या आवृत्तीत युनिकोड मराठीच्या नादाला लागू नका, तिथं जुने फॉन्टच बरे. बास, याच्यात एवढंच आहे.

चौथा आजार सगळ्यात कपटी, कारण सगळं मराठीत दिसतं, वाचता येतं, पण फॉन्ट तो नसतो. उदाहरण मंगल या फॉन्टचं. ग्रामपंचायतीपासून कारखान्यापर्यंत सगळ्यांच्या वर्ड फाईली मंगलमधे, पण विंडोज १० मधे मंगल आपोआप येत नाही, तो देवनागरीच्या जादा फॉन्टांच्या गठ्ठ्यात आहे, अपराजिता, कोकिळा, उत्साह यांच्यासोबत, आणि सेटिंगमधल्या ऑप्शनल फीचर्समधून वेगळा घ्यायला लागतो. तोवर विंडोज गुपचूप निर्मला फॉन्ट दाखवतं. दोघांची रुंदी वेगळी, म्हणून संस्थेत ६४ पानांची फाईल तुमच्याकडं ६७ पानांची होते आणि अनुक्रमणिकेतले पान नंबर सगळे चुकतात. पाने अचानक कमी-जास्त झाली म्हणजे फॉन्ट बदललाय, हे गृहीतच धरा.

तसंच युनिकोड मॅटर निवडून वर श्रीलिपीचा फॉन्ट लावला तर वरच्या पट्टीत नाव श्रीलिपीचं दिसेल आणि अक्षरं मात्र दुसऱ्याच फॉन्टची असतील. पट्टीवर विश्वास ठेवू नका, अक्षराच्या वळणाकडं बघा. कोरलची फॉन्ट जुळवणारी खिडकी पण अशीच, तिला शक्यतो "फक्त या वेळेपुरतं" सांगा, कायमचं सांगितलं तर पुढच्या प्रत्येक फाईलला ती न विचारता तेच करत राहील आणि तुम्ही शोधत बसाल.

ल आणि श बघा. बऱ्याच फॉन्टात मुळात हिंदी वळणाचा दांडीवाला ल असतो आणि आपला पाकळीचा ल, देठाचा श आत लपवलेला असतो. इनडिझाईनमधे मॅटर निवडून भाषा मराठी केली की ज्या फॉन्टात सोय आहे तिथं अक्षरं आपोआप बदलतात. तिरो देवनागरी मराठी घेतला तर ती भानगडच नाही, तो मराठी वळणानंच बनवलाय. फक्त त्यात बोल्ड नाही, सरळ आणि तिरका एवढंच. मग माणसं काय करतात, वरचं बी बटण दाबतात, आणि सॉफ्टवेअर अक्षराला चहूबाजूनं सूज आणतं. बारीक टायपात ष चं पोट भरून जातं, क्ष चा काळा ठिपका होतो. हेडिंगला दुसरा जाड फॉन्ट लावा पण हे करू नका. अक्षरात अंतर वाढवायचा मोह पण आवरा, इंग्रजीला ट्रॅकिंग शोभतं, मराठीत शिरोरेषा तुटून दातांसारखी दिसते.

एकाच नावाचे दोन फॉन्ट हा अजून एक ताप. नेटवरनं गेल्या वर्षी उतरवलेला आणि आज उतरवलेला, नाव एकच पण आतली मापं बदललेली असू शकतात, ओळी हलतात. म्हणून प्रत्येक कामाच्या फोल्डरात त्याचे फॉन्ट वेगळे ठेवा. इनडिझाईनमधे पॅकेज केलं की ते आपोआप फोल्डरात येतात, कोरलमधे "कलेक्ट फॉर आऊटपुट" आहे. गूगलवरनं झिप घेतली तर तिच्यात बऱ्याचदा एक व्हेरिएबल फॉन्ट (एकाच फाईलीत बारीक-जाड सगळे) आणि एक स्टॅटिक नावाचं फोल्डर असतं, छपाईला स्टॅटिकमधलेच टाका, जुन्या मशीनवर व्हेरिएबल कसा वागेल त्याचा नेम नाही. आणि ज्यांच्याकडं अजून पीएफबी, पीएफएम वाले टाईप वन फॉन्ट आहेत त्यांनी ध्यानात ठेवा, अडोबीनं जानेवारी २०२३ पासून त्यांचा सपोर्ट बंद केलाय, नवीन इनडिझाईनमधे ते यादीत दिसणारच नाहीत. फॉन्ट खराब झालेला नसतो, उगं परत परत इन्स्टॉल करत बसू नका.

तीन हजार फॉन्ट टाकून ठेवलेलं मशीन कोरल उघडायला चहा पिऊन येईपर्यंत वेळ लावतं. रोजचे पन्नास-साठ ठेवा, बाकीचे फोल्डरात, आणि लागेल तेव्हा फॉन्ट मॅनेजरमधून चालू करा, कोरलसोबतचा चालतो, फुकटातला नेक्ससफॉन्ट पण चालतो. विंडोजच्या स्वतःच्या फॉन्टना मात्र हात लावू नका. सगळं बरोबर असून नावं उलटसुलट दिसत असतील, एक निवडला की दुसराच येत असेल तर कॅश (विंडोजनं ठेवलेली फॉन्टची तात्पुरती नोंद) खराब झालेला असतो. सर्व्हिसेसमधे जाऊन विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस थांबवा, विंडोजच्या सर्व्हिस प्रोफाईल्समधे लोकल सर्व्हिसखाली फॉन्टकॅश नावाचं फोल्डर आहे ते रिकामं करा, मशीन रिस्टार्ट करा. विंडोज ते परत नवीन बनवतं.

प्रेसला पाठवताना पुस्तक, अहवाल असेल तर पीडीएफ, आणि एक्स-१ए हा छपाईचा पीडीएफ प्रकार घेतला तर उत्तम, त्यात सगळे फॉन्ट आत भरलेले असणं बंधनकारकच आहे. पीडीएफ झाली की ॲक्रोबॅटमधे कंट्रोल डी दाबून फॉन्टचं पान उघडा, प्रत्येक नावापुढं "एम्बेडेड" किंवा "एम्बेडेड सबसेट" दिसलं पाहिजे. एका नावापुढं जरी नसेल तर ती फाईल उद्यमनगरला प्रेसमधे पाठवायची नाही. सबसेट म्हणजे वापरलेलीच अक्षरं आत गेली, त्यामुळं प्रेसवाल्याला फोन करून "तेवढं एक नाव तिथंच बदला" म्हणू नका, ते अक्षर आत नसलं तर तो तरी कुठनं आणणार.

पत्रिका, फ्लेक्स, हँडबिलाला कोरलमधून कंट्रोल ए, कंट्रोल क्यू करून कर्व्ह, म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं, करतात सगळे. आधी वेगळ्या नावानं कॉपी सेव्ह करा, नाहीतर नवरदेवाच्या मामाचं नाव राहिलं म्हणून रात्री फोन आला की अख्खी पत्रिका परत कंपोझ. पॉवरक्लिपच्या (कोरलमधल्या चौकटीच्या) आतलं, लॉक केलेलं आणि लपवलेल्या लेयरवरचं मॅटर कंट्रोल ए मधे सुटतं. खात्री करायला डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा, तिथं टेक्स्टची मोजदाद असते, त्यात एकही टेक्स्ट शिल्लक नाही असं दिसेपर्यंत शोधत राहा.

कर्व्ह केल्यावर शिरोरेषेचे सांधे झूम करून बघा, अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात तिथं बारीक पांढऱ्या फटी किंवा चौकटी पडतात. फ्लेक्सवर वीस फुटांच्या हेडिंगात त्या रस्त्यावरनं दिसतात. रेडियम कापायचं असेल तर वायरफ्रेम व्ह्यूला जाऊन बघाच, आडव्या रेषा एकमेकींना छेदताना दिसल्या तर अक्षरं वेल्ड करून एकसंध करा, इलस्ट्रेटरमधे पाथफाइंडरचं युनाईट, नाहीतर प्लॉटरचं पातं प्रत्येक सांध्यावर चालतं आणि रेडियम सोलताना "श्री" चे तीन तुकडे हातात येतात.

शेवटी माझी एक ओळ देतो, कुठलाही नवीन फॉन्ट आला की मी आधी ही टाईप करून १० पॉईंटात कागदावर काढतो आणि त्यावर पेनानं फॉन्टचं नाव लिहून फाईलला लावतो:

श्री क्षेत्र जोतिबाच्या यात्रेत कऱ्हाडच्या शेतकऱ्यानं ॲल्युमिनिअमची कळशी ₹ १,२३,४५६.७८ ला घेतली. उद्घाटन, विठ्ठल, पद्मा, ज्ञान, शुक्ल, ट्रॅक्टर, ऑक्टोबर, सर्वांनी, वर्षे.

यात एक जरी अक्षर अडखळलं तर तो फॉन्ट अहवालाला नाही, फार तर फ्लेक्सच्या एखाद्या "हार्दिक शुभेच्छा" ला.